एकटा कोण पडतो?
एका आफ्रिकी कादंबरीच्या निमित्ताने

धर्मांतर केलेल्या कुटुंबाला गावात जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो धर्माविषयी नसतो. तुमच्या लग्नकार्याला आता कोण येणार, तुमच्या मयतीला खांदा कोण देणार, असा तो प्रश्न असतो. विचारणाऱ्याच्या आवाजात कधी काळजी असते, कधी धमकी असते, पुष्कळदा दोन्ही असतात. जुने सोडले की माणूस एकटा पडतो, असे त्या प्रश्नामागचे गृहीत आहे. हे गृहीत कितपत खरे आहे? सोडून जाणारा एकटा पडतो, की जुन्याला घट्ट धरून बसणारा? की एकटेपणाचे मूळ आणखी कोठे असते? या प्रश्नाचा विचार करताना मला पश्चिम आफ्रिकेतील एका कादंबरीचा फार उपयोग झाला. म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

कादंबरीचे नाव 'थिंग्ज फॉल अपार्ट'. लेखक चिनुआ अचेबे. १९३० साली पूर्व नायजेरियातील ओगिडी या गावी, इग्बो समाजात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जुना धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीतले होते आणि चर्चच्या वतीने गावोगाव शिकवण्याचे काम करीत. इबादानच्या कॉलेजात शिकून अचेबे नभोवाणीत नोकरीला लागले. १९५८ साली लंडनमध्ये त्यांची ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी, १९६० साली, नायजेरिया स्वतंत्र झाला. २०१३ साली लेखकाचे निधन झाले, पण कादंबरी आजही जगभरच्या शाळा-कॉलेजांतून वाचली जाते. तेव्हा हा ग्रंथ धर्मांतरिताच्या मुलाने लिहिलेला आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सोडलेले घर आणि स्वीकारलेले घर, दोन्ही त्याच्या पाहण्यातली होती. त्यामुळे त्याने एकाही घराची बाजू डोळे मिटून घेतलेली नाही.

कथेचा नायक ओकोन्क्वो हा उमुओफिया नावाच्या नऊ गावांच्या समूहातला नामांकित मल्ल आणि कष्टाळू शेतकरी. त्याचा बाप उनोका बासरी वाजवण्यात रमणारा, कर्जबाजारी, लोकांच्या हसण्याचा विषय झालेला. पोट सुजण्याच्या रोगाने तो मेला. अशा रोगाने मरणारा माणूस भूमातेला विटाळ मानला जाई. म्हणून त्याला जिवंतपणीच गावाबाहेरच्या 'वाईट रानात' नेऊन टाकले. त्याला मूठमाती मिळाली नाही. जाताना त्याने बासरी सोबत नेली. एवढे एकच वाक्य लेखक लिहितो आणि पुढे जातो, पण माझ्या मनातून ती बासरी गेलेली नाही.

आपण बापासारखे होऊ नये, ही ओकोन्क्वोची आयुष्यभराची धडपड. बापाला जे आवडे ते सारे त्याला नकोसे. त्यात आळस होता, तसा हळुवारपणाही होता. दोन्हींना त्याने एकाच कोयत्याने तोडले. बाहेरून तो गावाचा मानकरी, तीन बायकांचा संसार, धान्याची कोठारे भरलेली. आतून मात्र भित्रा. आपल्याला कोणी दुबळा म्हणेल या एकाच भीतीने ग्रासलेला. या माणसाला शत्रू बाहेर नव्हता. त्याचे भांडण मेलेल्या बापाशी आणि स्वतःच्या काळजातल्या ओलाव्याशी होते.

ते भांडण एका मुलाच्या जिवावर उठते. शेजारच्या गावाने एका खुनाच्या भरपाईदाखल दिलेला इकेमेफुना हा पोरगा तीन वर्षे ओकोन्क्वोच्या घरी राहतो. तो ओकोन्क्वोला बाप म्हणतो. त्याचा थोरला मुलगा न्वोये त्याला सख्ख्या भावासारखा बिलगतो. मग एके दिवशी देवीचा कौल येतो, मुलाला मारा. गावातला वयोवृद्ध एझेउदू मुद्दाम घरी येऊन ओकोन्क्वोला बजावतो की, पोर तुला बाप म्हणते, तिथे तू जाऊ नकोस. देवीच्या आज्ञेला त्याचा विरोध नाही, फक्त बापाने हात लावू नये एवढेच त्याचे म्हणणे. म्हणजे जुन्या धर्मातही माणुसकीची एक फट होती. ओकोन्क्वो त्या फटीतून बाहेर पडला नाही. रानातल्या वाटेवर पहिला वार दुसऱ्याने केला. मुलगा 'बाबा' म्हणत ओकोन्क्वोकडे धावला. आणि आपल्याला कोणी नामर्द म्हणू नये म्हणून ओकोन्क्वोने त्याला कोयत्याने कापले.

त्यानंतर दोन दिवस त्याच्या पोटात अन्न गेले नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःलाच शिव्या घालतो की, तू बायकांसारखा कधीपासून झालास? मला वाटते, ओकोन्क्वो एकटा पडला तो येथे. गोरा पाद्री अजून गावात आलेला नाही. नवा धर्म, नवे राज्य, पंथापंथाची मारामारी, सारे पुढे आहे. गावात त्याचा मान तसाच आहे, पंक्तीत त्याचे पान तसेच आहे. पण जे झाले ते कोणाला सांगावे असे एकही माणूस त्याला उरलेले नाही. स्वतःचे मनसुद्धा नाही. बहिष्कार नसतानाही माणूस बहिष्कृत होतो तो असा.

आता मुलाकडे पाहू. बाप घरी आला, आणि काही न सांगता न्वोयेला कळले की इकेमेफुना मारला गेला. त्याच्या आत काहीतरी तुटले. असेच पूर्वी एकदा झाले होते. कापणीहून परतताना रानातून तान्ह्या मुलांचे रडणे त्याने ऐकले होते. जुळी मुले जन्मली की ती अशुभ समजून मातीच्या मडक्यात घालून रानात टाकत. हे का, असे विचारण्याची सोय नव्हती. प्रश्न पोटात राहिला. पुढे बंदुकीच्या अपघाताने ओकोन्क्वोच्या हातून एक मुलगा मरतो आणि सात वर्षांसाठी त्याला आईच्या गावी, म्बांताला, हद्दपार व्हावे लागते. तेथे मिशनरी येतात. त्यांचे तर्कशास्त्र न्वोयेला समजत नाही. देव एक आणि तीन हे गणित तर मुळीच नाही. पण अंधारात आणि भीतीत बसलेल्या भावांविषयीचे त्यांचे गाणे तो ऐकतो, आणि रानात रडणारी जुळी आणि मारला गेलेला भाऊ या दोन्ही जुन्या प्रश्नांना कोठेतरी उत्तर मिळाल्यासारखे त्याला वाटते.

आपल्या घरातल्या तरुणांनी हा भाग अवश्य वाचावा. धर्मांतर म्हणजे कोणी तरी फूस लावली, आमिष दाखवले, असे सरसकट बोलण्याची पद्धत आहे. अचेबे दाखवतात की उपदेशक येण्याच्या कितीतरी आधी मन घराबाहेर पडलेले असते. पाद्र्याने न्वोयेला नेले नाही. त्याच्या आत एक जखम वाहत होती आणि तिच्यावर हात ठेवणारे पहिले माणसे ही भेटली. बापाने नरडे धरून मारले, तेव्हा तो काही न बोलता निघून गेला.

म्बांताच्या लोकांनी मिशनऱ्यांना चर्चसाठी जागा दिली ती त्या वाईट रानातली. रोगट, शापित मढी टाकायची ती जागा. चार दिवसांत सारे मरतील अशी गावाची खात्री. कोणी मेले नाही. देव फार तर सात बाजार-आठवडे, म्हणजे अठ्ठावीस दिवस, थांबतात असे म्हटले गेले, तेही उलटले. मग माणसे येऊ लागली. कोण आली ते पाहण्यासारखे आहे. नेका नावाची एक गर्भवती आली. चार वेळा तिला जुळे झाले होते आणि चारही वेळा ती टाकून दिली होती. ती गेल्याचे सासरच्यांना दुःख झाले नाही. बरे झाले, पीडा गेली, असेच त्यांना वाटले. आणि मग आले ओसू.

ओसू म्हणजे कोण हे आपल्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. देवाला वाहिलेला माणूस तो ओसू. तो आणि त्याची पोरेबाळे पिढ्यान्‌पिढ्या वेगळी. इतरांशी लग्न नाही, गावसभेत बसणे नाही, मानाची पदवी नाही, राहणे देवळाजवळच्या ठरलेल्या जागेत, मेल्यावर वाईट रान. आणि त्याची खूण म्हणजे लांब, मळकट, जटा झालेले केस. वस्तऱ्याला त्याने शिवायचे नाही. आपल्याकडची अस्पृश्यता आणि ही प्रथा एकच आहे असे मी म्हणत नाही; उगम वेगळा, व्यवस्था वेगळी. पण मरीआईला सोडलेल्या पोतराजाचे केस ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्या केसांना कात्री लावायच्या दिवशी म्हातारी माणसे कशी थरथरत हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे प्रकरण परके वाटणार नाही.

ओसू चर्चमध्ये येऊन बसले तेव्हा पहिला आरडाओरडा कोणी केला? गावाने नव्हे. नुकत्याच ख्रिस्ती झालेल्यांनीच केला. ज्यांनी स्वतः जुने देव टाकले होते, ज्यांना गावाने वाळीत टाकण्याची भाषा केली होती, तेच ओसूंना बाहेर काढायला उठले. त्यांची हरकतही धर्माची नव्हती. हे आमच्यात आले तर बाहेरचे लोक काय म्हणतील, आपल्याला हसतील, ही हरकत. त्यांना थांबवणारा किआगा हा कोणी गोरा साहेब नव्हता. तो इग्बोच होता, भाषांतर करणारा, शिकवणारा एक साधा मास्तर. तो म्हणाला, देवापुढे गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही. हसतात त्यांना हसू द्या. एक जण अडून बसला की, मग मी परत जातो. किआगाने त्याला जाऊ दिले. एवढी छोटी मंडळी, एकेक माणूस मोलाचे, तरी जाऊ दिले! मग तो ओसूंकडे वळला आणि म्हणाला, तुम्हीही ही केसांची खूण काढून टाका. ते घाबरले, केस काढले तर मरू असे त्यांना वाटले. शेवटी दोघांनी केस उतरवले. मेले नाहीत. पुढे म्बांताचे जवळजवळ सारे ओसू आले आणि तेच नव्या पंथाचे सर्वांत पक्के लोक ठरले.

या प्रसंगात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नव्या धर्मात प्रत्येक जण आपापल्या जखमेच्या दारातून आत येतो. नेका जुळ्यांच्या दारातून आली, न्वोये इकेमेफुनाच्या, ओसू आपल्या जटांच्या. आपली जखम भरून आली की माणसाला वाटते, धर्माचे काम झाले. दुसऱ्याची जखम त्याला दिसतच नाही. उलट ती जवळ आली की किळस वाटते. जुळी टाकण्याच्या चालीने ज्याचे काळीज फाटले, त्याला ओसूशेजारी बसताना काही चुकते आहे असे वाटलेच असेल असे नाही. एकत्र बसणे म्हणजे एकत्र येणे नव्हे. किआगाने ते त्या दिवशी करून दाखवले, पण बाकाच्या बाबतीत. घराचे काय झाले ते पुढे पाहू.

अचेबे यांनी नव्या पंथाचेही गोडवे गायलेले नाहीत. एका ओसूने गावाचा पवित्र अजगर मारला असा बोभाटा होतो आणि ख्रिस्ती बायकांना पाणवठ्यावरून हाकलून देतात. उमुओफियात ब्राऊन नावाचा पाद्री समंजस असतो. जुन्या धर्माच्या एका प्रतिष्ठिताबरोबर तो तासन्‌तास देवाविषयी बोलत बसतो. त्याच्या जागी आलेल्या स्मिथला जगात काळे आणि पांढरे एवढेच दिसते. त्याच्या आशीर्वादाने माजतो ईनॉक. हा सर्पपूजक पुजाऱ्याचा मुलगा. तो भर उत्सवात पूर्वजांच्या एका मुखवट्यावरचा पडदा ओढतो. म्हणजे त्यांच्या श्रद्धेप्रमाणे पूर्वजाची हत्याच. त्या रात्री पूर्वजांची माता आपल्या मुलासाठी रडत गावभर फिरते असे वर्णन आहे. दुसऱ्या दिवशी ईनॉकचे घर आणि चर्च दोन्ही जाळले जातात.

ईनॉक आणि ओकोन्क्वो एकमेकांचे वैरी, पण मला ते एकाच मुशीतले वाटतात. दोघांचेही आतले भांडण बापाशी आहे, आणि दोघेही ते गावाच्या चव्हाट्यावर आणून लढतात. ईनॉकला नवा धर्म हवा होता की बापाचा पराभव, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. चर्च जळत असताना तो पाद्र्याच्या घरात लपलेला होता आणि धर्मयुद्ध पेटले नाही म्हणून हिरमुसला होता. पंथापंथांतील पुष्कळशी भांडणे अशा माणसांनी पेटवलेली असतात. विझवायची वेळ इतरांवर येते.

याउलट ओबिएरिका हा ओकोन्क्वोचा मित्र पाहा. तोही जुन्याच धर्माचा. त्यानेही आपली जुळी मुले रानात टाकली आहेत. पण मित्र हद्दपार झाल्यावर तो एकटा बसून विचार करतो की, अपघाताने झालेल्या गोष्टीची एवढी शिक्षा का, आणि माझ्या मुलांनी काय गुन्हा केला होता? त्याला उत्तर मिळत नाही. तो धर्म सोडत नाही, बंडही करत नाही. पण आतला प्रश्न तो आतच मारून टाकत नाही. म्हणूनच सात वर्षे मित्राच्या शेताचा पैसा त्याच्याकडे पोहोचवणारा, शेवटी त्याच्या प्रेतापाशी उभा राहणारा तोच असतो. पुस्तकात सर्वांत कमी एकाकी माणूस कोणी असेल तर हा.

शेवट थोडक्यात सांगतो. चर्च जाळल्याबद्दल इंग्रज कमिशनर बोलणीच्या मिषाने गावातल्या सहा पुढाऱ्यांना बोलावतो, बेड्या घालतो, आणि कोठडीत शिपाई त्यांची डोकी भादरतात. वस्तरा तोच. ओसूच्या डोक्यावर फिरला तेव्हा माणूस मोकळा झाला. मानकऱ्याच्या डोक्यावर फिरला तेव्हा माणूस मेल्याहून मेला झाला. केस कोणी काढले आणि कोणाच्या इच्छेने काढले, यात सारा फरक आहे. येथे स्पष्ट बोलले पाहिजे की त्या धर्मापाठोपाठ परक्यांचे कोर्ट, तुरुंग आणि फौज आली. १९५६ साली नागपूरला १४ ऑक्टोबरला जे झाले त्याच्यामागे कोणाची फौज नव्हती. ती आपल्याच मातीतल्या बुद्धाकडे जाणारी वाट होती. दोन धर्मांतरांची बरोबरी करताना हे विसरू नये.

सुटून आल्यावर गावसभा भरते. ती बंद करण्याचा हुकूम घेऊन सरकारी शिपाई येतो. ओकोन्क्वो त्याचे डोके उडवतो, आणि वळून पाहतो तर गाव उठलेले नाही. बाकीच्या शिपायांना लोकांनी जाऊ दिले. याने असे का केले, एवढेच कोणीतरी विचारते. ज्या गावासाठी त्याने मुलासारख्या पोराला कापले, ते गाव त्याच्या मागे नव्हते. कदाचित कधीच नव्हते. तो स्वतःला गळफास लावून घेतो. आत्महत्या हे भूमातेविरुद्धचे पाप, म्हणून त्याच्या प्रेताला गावातला कोणी शिवू शकत नाही. परके लोक बोलावून ते खाली उतरवावे लागते. बापासारखे होऊ नये म्हणून आयुष्यभर झगडलेला माणूस, बापासारखाच आपल्या माणसांच्या हातची मूठमाती न मिळता जातो. धर्म सोडणारे एकटे पडतील असे भाकीत होते. धर्मासाठी सर्वस्व देणाऱ्याला मात्र खांदा देणारे कोणी उरले नाही.

पुष्कळ जण पुस्तक येथे मिटतात. मी वाचकांना विनंती करीन की अचेबे यांची १९६० सालची 'नो लाँगर अॅट ईज' ही दुसरी कादंबरीही वाचावी, कारण आपला प्रश्न तिच्यात अधिक जवळून येतो. न्वोये आता म्हातारा झाला आहे. त्याचे नाव आयझॅक. तो चर्चचा शिक्षक होता, आता निवृत्त आहे. त्याचा मुलगा ओबी हा गावातला परदेशी शिकून आलेला पहिला पदवीधर. गावच्या मंडळाने वर्गणी काढून आठशे पौंड त्याला शिक्षणासाठी दिलेले. घरातला पहिला पदवीधर म्हणजे काय ओझे असते हे ज्यांनी वाहिले आहे, त्यांना ओबीचा अवघडलेपणा सांगायला नको. तो क्लारा नावाच्या नर्सवर प्रेम करतो. क्लारा ओसू आहे.

ओबीची खात्री असते की, बाप तर ख्रिस्ती, आपण त्यांच्याच शब्दांत बोललो तर ते ऐकतील. तो तसेच करतो. अज्ञानात असलेल्या पूर्वजांनी एका निरपराध माणसाला ओसू ठरवले, आपल्याला तर प्रकाश दिसला ना, असे तो म्हणतो. म्हातारा बराच वेळ गप्प बसतो. हे शब्द त्याचेच आहेत हे त्याला कळते. तरी तो म्हणतो की, लोकांच्या मनात ओसू हा महारोगासारखा आहे. तुझ्या मुलींना कोण करील? तुझ्या मुलांना कोणाच्या मुली मिळतील? आई तर सांगते की मी जिवंत असेपर्यंत हे लग्न केलेस तर मी जीव देईन.

बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात आंतरजातीय विवाह हा खरा इलाज म्हटला, आणि पुढे जाऊन हेही विचारले की लोक असे विवाह का करीत नाहीत. शास्त्रांचे पावित्र्य मनात बसले आहे म्हणून, असे त्यांचे उत्तर होते. आयझॅककडे पाहिले म्हणजे वाटते, शास्त्र गेले तरी त्याचा धाक मागे राहतो; फक्त आता तो देवाच्या नावाने न बोलता 'लोक काय म्हणतील' या नावाने बोलतो. किआगापुढे आरडाओरडा करणाऱ्या त्या नवख्रिस्त्यांचे वाक्य पन्नास-साठ वर्षांनी आयझॅकच्या तोंडून बाहेर पडते. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ सालीच ओसू प्रथा कायद्याने रद्द केली होती. कायदा चर्चच्या बाकापर्यंत आणि सरकारी कचेरीपर्यंत पोहोचला. म्हाताऱ्याच्या ओसरीवर तो पोहोचला नाही.

आपण हसू नये. आपल्या वधू-वर मेळाव्यांत फॉर्मवर धर्म बौद्ध लिहून झाल्यावर, शेजारी बसून हळू आवाजात 'तसे तुम्ही पूर्वीचे कोण?' असे विचारणारे किती असतात! मातंगातून आलेले, चर्मकारातून आलेले बौद्ध कुटुंब वंदनेला शेजारी चालते. सोयरिकीला चालते का? विहारात आपण किआगा असतो आणि घरी आलो की आयझॅक होतो. एखाद्या ओबीने आपल्यालाच आपले शब्द ऐकवले तर आपणही बराच वेळ गप्प बसू, अशी मला भीती वाटते.

त्याच मुक्कामात, रात्री, आयझॅक मुलाच्या खोलीत येतो आणि कधी न सांगितलेले सांगतो. आपण लहान असताना घर सोडले. बापाने शाप दिला. पुढे बापाने गळफास घेतल्याचा निरोप आला तेव्हा, तलवारीने जगतो तो तलवारीनेच मरतो, असे आपण म्हणालो. गोऱ्या शिक्षकाने सांगूनही अंत्यविधीला गेलो नाही. आणि मग तो इकेमेफुनाविषयी सांगतो. सारा जन्म चर्चमध्ये, मंडळींमध्ये काढलेल्या या माणसाने ती गोष्ट आपल्या पोटी एवढी वर्षे ठेवली होती. ख्रिस्ती होण्यासाठी आपण आगीतून गेलो, असे तो मुलाला सांगतो, आणि ते खरेही आहे. पण ती आग क्लारालाही भाजते आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. मुलगाही ते नीट सांगू शकत नाही. त्याच्या आतही आता आई, बाप, गाव आणि क्लारा यांची ओढाताण चालू आहे, आणि तोही बापासारखाच कोणाजवळ काही बोलत नाही.

लागोसला परतल्यावर क्लारा बोटातली अंगठी काढून त्याच्यापुढे धरते. पुढे तिला गर्भपात करावा लागतो, ती मरणाच्या दारातून परत येते, आणि रुग्णालयात ओबी भेटायला गेला तर भिंतीकडे तोंड फिरवते. काही दिवसांनी ओबीची आई वारते. जाऊन वेळेवर पोहोचणे होणार नाही, प्रवासावर खर्च करण्यापेक्षा तो पैसा घरी पाठवावा, असा हिशेब करून तो गावी जात नाही. लागोसमधल्या गावकऱ्यांच्या मंडळात ही वार्ता पोहोचते. आईला माती द्यायला मुलगा गेला नाही, हे त्यांना पटत नाही. तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणतो की, यात नवल काय, याचा बापही आपल्या बापाच्या मातीला गेला नव्हता.